रोलर कोस्टर सारखे बंद का पडतात? पार्कवाले रोज नेमकं काय तपासतात?

रानवारा

मागच्या सुट्टीत एका मोठ्या कंपनीच्या पार्कात गेलो होतो, नाव सांगत नाही. पावणेदोन तास रांगेत उभं राहून फलाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचलो आणि राइड बंद. चाळीस मिनिटांनी सुरू झाली, आमचा नंबर लागला, आणि गाडी लिफ्टवर, म्हणजे साखळीने वर ओढतात त्या पहिल्या चढावर, पाऊण उंचीला जाऊन थांबली. म्हणजे खाली झाडांचे शेंडे दिसतायत, पाठीला सीट, तोंड आभाळाकडे, आणि काहीच होत नाहीये. पंचवीस मिनिटांनी दोन माणसं बाजूच्या पायऱ्यांवरून वर आली, एकेका रांगेचा लॅप बार, म्हणजे मांडीवरचा दांडा, हाताने सोडवला आणि आम्हाला कठडा धरून चालत खाली उतरवलं. माणसं अतिशय शांत होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्हाला नक्की काय झालं हे कोणी एका शब्दाने सांगितलं नाही, नुसतं तांत्रिक कारण, तांत्रिक कारण.

मुलगी बारा वर्षांची आहे. खाली आल्यावर तिने विचारलं, बाबा, आपण बसलो तेव्हाच ते मोडलेलं होतं का? मला उत्तर देता आलं नाही. आता तिलाच परत जायचंय, या वेळी अमेरिकेत ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कला, आणि मी जे वाचतोय त्यात सगळीकडे हेच, ही राइड बंद ती राइड बंद. मला साधं विचारायचंय की जे यंत्र सारखं बंद पडतं त्यात मुलीला बसवावं का, आणि या पार्क चेनवाल्या कंपन्या देखभाल म्हणून करतात तरी काय?

ठिणगी

रानवारा, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. बहुधा मोडलेलं नव्हतं, आणि हे मी तिला धीर द्यायचा म्हणून म्हणत नाहीये. मी शिकत असताना दोन उन्हाळे अशाच एका चेनच्या पार्कात कोस्टरची ऑपरेटर होते. लिफ्टवर गाडी थांबते ती बहुतेक वेळा पुढच्या टप्प्यात काहीतरी नीट नाही असं कंट्रोल सिस्टिमला वाटलं म्हणून. आमच्याकडे एकदा पुढच्या ब्रेकवरचा एक सेन्सर गाडी निघून गेल्याचं दाखवेना, गाडी तर समोर फलाटात उभी होती, डोळ्यांनी दिसत होती, पण सिस्टिमला ती दिसली नाही म्हणजे नाही. मागची गाडी लिफ्टवर थांबली. लिफ्टच जागा का, तर तिथे पायऱ्या असतात, कठडा असतो, माणसाला उतरवता येतं. म्हणजे तुम्ही जिथे अडकलात ती जागा अडकण्यासाठीच ठरवून ठेवलेली होती.

आता सकाळचं सांगते कारण ते पाहुण्यांना कधीच दिसत नाही. मेकॅनिक लोक अंधार असतानाच येतात. रुळाच्या कडेने, लिफ्टच्या पायऱ्यांवरून चालत जातात, बोल्ट, वेल्डचे सांधे, साखळी, चाकं बघतात. मग रिकामी गाडी सोडतात, एक नाही, प्रत्येक गाडीच्या कित्येक फेऱ्या. ब्रेक मुद्दाम लावून बघतात, एक गाडी अडवून दुसरी आपोआप थांबते का बघतात. ते झालं की कागदावर सही, मग आम्ही ऑपरेटर आमची यादी घेऊन प्रत्येक सीटचा बार, पट्टा, गेट तपासायचो, आमचीही सही. मेकॅनिकची सही नसेल तर आमच्या सुपरवायझरलाही ती राइड उघडता येत नव्हती, बाहेर कितीही गर्दी असो.

आणि गाडी सोडताना, बार नुसता खाली आलाय हे बघून चालत नाही, आधी दाबायचा आणि मग वर ओढून बघायचा, प्रत्येक माणसाचा, दर फेरीला. मला दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी उजवं मनगट दुखायला लागलं होतं. दोन्ही बाजूच्या मुलांनी अंगठा दाखवला की मगच पॅनलवरची व्यक्ती बटण दाबते, आणि आमच्याकडे फलाटावरच्या दुसऱ्या माणसानेही त्याच वेळी त्याचं बटण दाबून धरलेलं असावं लागायचं, नाहीतर गाडी हलतच नाही.

चक्रधर

ठिणगीने सुंदर सांगितलंय. मी पोलादातले तडे शोधायचं काम करतो, पार्कांसाठी थेट नाही पण काही वर्षं कोस्टरचे सुटे भाग तपासायला येत होते, म्हणून थोडी भर घालतो.

आधी ब्लॉकचं समजून घ्या. ट्रॅक मनात कापून तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याच्या शेवटी गाडी पूर्ण थांबवता येईल अशी सोय, लिफ्ट किंवा ब्रेक. नियम एकच, एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी, आणि पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याशिवाय मागच्या गाडीला त्यात सोडायचं नाही. रेल्वेच्या सिग्नलसारखंच. म्हणून पाच ब्लॉक असतील तर जास्तीत जास्त चार गाड्या. डिस्नेलँडचा मॅटरहॉर्न १९५९ साली उघडला, नळीच्या आकाराच्या पोलादी रुळांवरचा तो पहिला कोस्टर, तिथपासून हे ब्लॉकचं तंत्र आपोआप चालायला लागलं. त्याच्याही आधीची एक गोष्ट म्हणजे जॉन मिलरचं रुळाखालून धरणारं चाक, १९१९चं पेटंट. आजही जवळजवळ कुठल्याही गाडीखाली वाकून बघा, तीन तऱ्हेची चाकं दिसतील, वरून भार घेणारी, बाजूने वळवणारी आणि खालून रुळाला धरून ठेवणारी, त्यामुळे गाडी रुळावरून उचललीच जात नाही.

या चाकांचं खूप असतं. पोलादी कोस्टरवर बहुतेकदा आत ॲल्युमिनियम, बाहेरून पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचा थर. थर मऊ असेल तर बसणाऱ्याला गुळगुळीत वाटतं पण उन्हाळ्यात तापतो, फुगे येतात आणि कधीकधी थर सुटून येतो. माझ्या हातात असं एक चाक आलं होतं, वरून ठीक दिसत होतं, पण अंगठ्याने दाबत फिरवत गेलो तर एका जागी थर किंचित आत जात होता, आतून पोकळ. मेकॅनिक सकाळी टॉर्च मारून आणि हाताने चाचपून हेच शोधतात. आणि थंडीत उलटं होतं, थर कडक, ग्रीस घट्ट, गाडी हळू धावते, मग एखादा चढ पुरा चढत नाही आणि ती दोन चढांच्या मधल्या खोलगट भागात मागेपुढे झुलत थांबते. म्हणून ठरावीक तापमानाखाली कित्येक कोस्टर उघडतच नाहीत. वाऱ्याचंही तसंच. सीडर पॉइंट तर सरळ ईरी सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या पट्टीवर आहे, तिथे वारा सुटला की उंच राइड पटापट बंद होणारच.

हिवाळ्यात जे होतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. थंड प्रदेशातली पार्कं साधारण ऑक्टोबरच्या शेवटी बंद होतात, गाड्या वर्कशॉपमध्ये आणून पार सांगाड्यापर्यंत उघडतात. ॲक्सल, चाकांचे ब्रॅकेट, डबे जोडणारे दांडे, रंग काढून तपासायला. आम्ही तुकड्याला चुंबकीय करायचो आणि वरून चमकणाऱ्या लोहकणांचं द्रावण सोडायचो, अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली तडा असेल तिथे हिरवी रेघ उमटते. केसाइतकी बारीक. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही आणि दिवा लावला की ती रेघ. तो तुकडा बाद, चर्चा नाही. फ्लोरिडासारख्या बारमाही पार्कांना ही सुट्टी मिळत नाही, तिथे बहुतेक ठिकाणी एक गाडी आलटून पालटून आत उघडलेली असते आणि बाकीच्या बाहेर धावतात.

सरळरेघ

हे सगळं पटतंय पण मला यात एक गोष्ट खटकते. तुम्ही दोघंही म्हणताय यंत्रणा इतकी पक्की आहे. मग अमेरिकेतल्याच कॅरोवाइंड्स पार्कच्या फ्युरी ३२५चं काय? ३० जून २०२३, ३२५ फूट उंच, ताशी ९५ मैलांचा कोस्टर, खांबाला आरपार तडा, गाडी गेली की खांब वरच्या बाजूला हलून फट उघडतेय, आणि हे पाहिलं कोणी तर पार्किंगमधल्या एका पाहुण्याने, फोनवर व्हिडिओ काढून. नंतर तर आधीच्या काही दिवसांच्या फोटोंमध्येही तडा दिसला. रोज सकाळी चालत तपासणी होते ना? मग?

आणि अमेरिकेत १९८१ पासून केंद्र सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला कायमस्वरूपी पार्कांतल्या राइडवर अधिकारच नाही, फक्त गावोगाव फिरणाऱ्या जत्रेच्या राइडवर आहे. बाकी प्रत्येक राज्याचं वेगळं. ओहायोत तर राइड तपासतं ते कृषी खातं. सीडर पॉइंटची मालक सीडर फेअर आणि दुसरी मोठी चेन सिक्स फ्लॅग्ज १ जुलै २०२४ला एक झाल्या, मिळून ४२ पार्कं. एवढ्या मोठ्या कंपनीला पैसे वाचवायचे झाले तर कात्री कुठे लागेल?

चक्रधर

सरळरेघ, फ्युरीच्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे, मी त्याचं समर्थन करणार नाही. व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण असा तडा एका रात्रीत आरपार जात नाही, तो वाढत जातो आणि वाढताना दिसतो, बघणारा योग्य जागी बघत असला तर. उंच खांबांचा तोच प्रश्न आहे, मेकॅनिक रुळाच्या बाजूने चालतो, त्याची नजर चाकांच्या वाटेवर असते, बाहेरून खांबाच्या वरच्या जोडाकडे रोज कोण बघणार? नंतर पार्कने अवघड जागा बघायला कॅमेरे लावलेले ड्रोन वापरायचं जाहीर केलं, नवा खांब आला, सेन्सर लावून हादरे मोजायचे आणि ५०० पूर्ण फेऱ्या मारून तपासायचं असं ठरवलं, नॉर्थ कॅरोलायनाच्या कामगार खात्याची तपासणी झाली आणि १० ऑगस्टला राइड उघडली. तो अख्खा महिना ती बंद होती हेच बरोबर होतं. चूक त्याच्या आधीच्या आठवड्यातली, तेव्हा ती चालू होती.

कायद्याचं म्हणाल तर केंद्राची पोकळी खरी आहे. पण मानकं आहेत, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची एफ२४ समिती १९७८ पासून राइडचं डिझाइन, देखभाल, चालवणं, सगळ्याचे नियम लिहिते, बरीच राज्यं तेच नियम कायद्यात घेतात. युरोपात ईएन १३८१४ आहे. कृषी खात्याचं ऐकायला विचित्र वाटतं पण पूर्वी राइड म्हणजे शेतकी जत्रेतल्याच असायच्या, तिथून ते आलं, पेनसिल्व्हेनियातही तसंच आहे.

ठिणगी

मला सरळरेघ यांच्या प्रश्नातला कात्रीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मी पाहिलंय की जोर कुठून येतो. थोडा हिशोब करा. ३२ सीटची गाडी, दर दीड मिनिटाला एक सुटली तर तासाला ४० गाड्या म्हणजे १२८० माणसं. तीच दर अडीच मिनिटाला सुटली तर ७६८. रांग दीडपटीहून जास्त लांबते. त्यामुळे प्रत्येक चेनमध्ये हे आकडे दर तासाला लिहिले जातात, आमच्या पॅनलशेजारी फळाच होता. वेगाने काम करणारी टीम मला आवडायची, आम्हीही तशा होतो, बार तपासताना पळायचो. पण पळणं पायांनी, हातांनी नाही, हे आमच्या ट्रेनरचं वाक्य. बार ओढून बघायचा वेळ कमी केला की आमच्याकडे थेट घरी पाठवायचे.

खरा धोका मला त्या पॅनलपाशी दिसतो. मॅनेजर रेडिओवर विचारतोय किती वेळ लागेल, समोर हजार माणसं उभी, आणि स्क्रीनवर असा अलार्म जो तुम्हाला खोटा वाटतोय.

अवखळ

ठिणगी, हे वाचून स्मायलरच आठवला. मी कोस्टरसाठी प्रवास करणारी आहे, इंग्लंडमध्ये ऑल्टन टॉवर्सला स्मायलरमध्ये बसलेय, १४ वेळा उलटं करतो तो माणसाला, जागतिक विक्रम आहे. २ जून २०१५ला तिथे जे झालं ते इथे नीट लिहायला हवं.

त्या दिवशी ट्रॅकवर एक जास्तीची गाडी घातली होती. राइड थांबली होती म्हणून रिकामी चाचणी गाडी सोडली, ती पूर्ण फेरी मारून आलीच नाही, मधेच खोलगट भागात अडकून पडली. अलार्म झाला, सिस्टिमने मागची गाडी धरून ठेवली, ती गाडी माणसांनी भरलेली, १६ जण. म्हणजे ब्लॉकने आपलं काम शंभर टक्के केलं. इंजिनिअरना वाटलं ट्रॅक मोकळा आहे, सिस्टिमच चुकतेय, आणि त्यांनी ती बाजूला सारून गाडी सोडली. पाच जण गंभीर जखमी झाले, दोन तरुण मुलींचे पाय कापावे लागले. पहिला तातडीचा फोन जायला १७ मिनिटं लागली, आणि सगळ्यांना बाहेर काढायला चारेक तास. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने तपास केला, ट्रॅकमध्ये दोष नाही, गाडीत नाही, कंट्रोल सिस्टिममध्ये नाही. मालक कंपनी मर्लिनला सप्टेंबर २०१६ मध्ये ५० लाख पाउंड दंड झाला, आणि न्यायालयात ठपका होता तो कामाच्या पद्धतीवर. ट्रॅकवरची अडचण सोडवताना इंजिनिअरनी कसं काम करायचं याची पक्की, सुरक्षित रीतच नव्हती.

मी ते वाचल्यापासून राइड बंद पडली की रांगेत कुरकुर करत नाही. कोणीतरी तिथे अलार्मवर विश्वास ठेवतोय असं समजते.

सरळरेघ

अवखळ, हे इतक्या तपशिलात माहीत नव्हतं. म्हणजे गाड्या मोजल्या असत्या तर झालंच नसतं.

ठिणगी

हो. आमच्याकडे म्हणून मोठ्याने मोजायची पद्धत होती. थांबलेली राइड परत सुरू करताना दोन माणसांनी स्वतंत्रपणे प्रत्येक गाडी कुठे आहे ते डोळ्यांनी बघून नंबर म्हणायचा, एक फलाटात, दोन ब्रेकवर, तीन वर्कशॉपमध्ये. न दिसणारी गाडी असली तर कोणीतरी चालत जाऊन बघायचं. आणि मेकॅनिक ट्रॅकवर जाणार असेल तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, चावी स्वतःच्या खिशात. चार जण गेले तर चार कुलपं. शेवटचा माणूस परत येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर कोणाच्याही हुकमाने वीज येत नाही. एकदा एक मेकॅनिक कुलूप लावून जेवायला गेला आणि राइड अर्धा तास थांबली, कुलूप तोडायचा विषयसुद्धा कोणी काढला नाही. त्या दिवशी मला त्या लोकांबद्दल जो आदर वाटला तो अजून आहे.

विलीनीकरणाची माझी काळजी इथेच आहे. पोलाद आणि सेन्सर विकत मिळतात. वीस वर्षं एकाच लाकडी कोस्टरवर चालणारा माणूस, ज्याला कुठल्या वळणावर आवाज बदलला ते पायाखाली कळतं, तो नोकरी सोडून गेला की ते ज्ञान गेलं.

अवखळ

लाकडीबद्दल बोललात तर ओहायोतल्याच किंग्ज आयलंड पार्कचा द बीस्ट! १९७९चा, ७३०० फुटांहून लांब, लाकडी कोस्टरमध्ये जगात सगळ्यात लांब. लाकूड ऊन-पावसाने फुगतं आकसतं, फळ्यांच्या थरांचे खिळे ढिले होतात, म्हणून दर हिवाळ्यात थोडा थोडा ट्रॅक बदलत राहतात. २०२२च्या हंगामाआधी त्याचा २००० फुटांच्या वर ट्रॅक नव्याने केला. कधीच पूर्ण होत नाही ते काम, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात जुनी झालेली असते.

आणि रानवारा, सीडर पॉइंटचं तुम्ही जे वाचलंय ते बहुतेक टॉप थ्रिल २ या कोस्टरचं असणार. तो मुळात टॉप थ्रिल ड्रॅगस्टर, २००३चा, ४२० फूट, हायड्रॉलिक मोटर केबलने गाडी ओढून ताशी १२० मैलांवर न्यायची. ऑगस्ट २०२१ मध्ये गाडीची एक लोखंडी पट्टी सुटून रांगेतल्या बाईला लागली, डोक्याला गंभीर इजा झाली. तो परत कधीच तसा उघडला नाही. झॅम्पेर्ला या राइड बनवणाऱ्या कंपनीने चुंबकाच्या जोराने गाडी सोडणारा लाँच बसवून २०२४च्या मे मध्ये सुरू केला आणि आठवड्याभरात बंद केला, गाड्यांमध्ये सुधारणा हवी म्हणून, तो थेट २०२५ला परतला. लोक खूप चिडले होते. अख्खा हंगाम नवीकोरी राइड झाकून ठेवायला कंपनीला किती जड गेलं असेल, तरी ठेवली. तसाच हायड्रॉलिक लाँच न्यू जर्सीच्या ‘किंग्डा का’ या राइडचा होता, ४५६ फूट, ती तर २८ फेब्रुवारी २०२५ला सुरुंग लावून पाडलीच. मी त्या सकाळी रडले, खोटं कशाला सांगू.

रानवारा

सगळं मुलीला वाचून दाखवलं. कुलपाची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. तिने दोन प्रश्न दिलेत. लिफ्टवर चढताना तो खटखट आवाज येतो तो कसला, कारण आम्ही थांबलो तेव्हा तो बंद झाला आणि तिला वाटलं साखळी तुटली. आणि दुसरा, परत अडकलो तर काय करायचं?

चक्रधर

तिला सांगा, तो आवाज साखळीचा नाहीच. गाडीच्या खाली एक लोखंडी जीभ असते आणि लिफ्टभर करवतीसारखे दाते. जीभ एकेका दात्यावरून घसरून खाली पडते, खट, खट. साखळी खरंच तुटली तरी ती जीभ दात्यात अडकलेली असते आणि गाडी एका दात्याहून जास्त मागे येत नाही. तुम्ही थांबलात तेव्हा आवाज थांबला कारण गाडी पुढे सरकत नव्हती, म्हणून जीभ पुढच्या दात्यावर पडत नव्हती. गाडी मागे घसरली असती तर तुमचं सगळं वजन तिनेच धरलं असतं.

ठिणगी

आणि अडकलीस तर बार स्वतः सोडवायचा प्रयत्न करू नको, हात आत, डोकं सीटला टेकवून बस, वर येणारा माणूस बोलायला लागला की तो म्हणेल तेवढंच कर. त्याला विचार काय झालंय म्हणून, आम्हाला विचारलेलं आवडायचं.

सीडर पॉइंटला सुरुवात मॅग्नम कोस्टरने करा. १९८९चा आहे, २०५ फूट, साखळीचीच लिफ्ट, आणि वर जाताना सरोवर दिसतं. खट मोजायला सांगा तिला.

रानवारा

ती म्हणतेय मोजून इथे आकडा टाकणार.